मास्किंग टेपसोबत रंगही सोलून येतो? स्टेशनरीतल्या अ‍ॅक्रिलिकने प्लॅस्टिक मॉडेल रंगवताना

१/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं मिग-२१ लढाऊ विमान. पोटाला फिकट करडा देऊन झाला, रात्रभर वाळला, कडेने मास्किंग टेप लावून वरचा हिरवा मारला. टेप उचलायला घेतली आणि तिच्यासोबत करड्याचा अखंड पापुद्रा सोलून आला; खाली किटचं उघडं प्लॅस्टिक. विमानाऐवजी रणगाडा घ्या, जहाज घ्या, स्टेशनरीच्या दुकानातले छोट्या बाटलीतले अ‍ॅक्रिलिक रंग वापरणाऱ्यांची तक्रार हीच असते. तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं: हे रंग कागदा-कापडासाठी असतात, मॉडेलसाठी बाहेरून येणारे रंग घ्या.

मला हे उत्तर मान्य नाही. वालेहो किंवा तामियाचे रंग उत्तमच आहेत, त्यांची बारीक दळण आणि झाकण्याची ताकद वेगळीच. पण वालेहोच्या एका छोट्या बाटलीच्या पैशांत फेविक्रिल किंवा कॅमलच्या १५ मिलीच्या कितीतरी बाटल्या येतात, आणि त्या तालुक्याच्या गावातही मिळतात. एका साध्या विमानाला सात-आठ छटा सहज लागतात. पहिलंच किट हातात आलेल्या मुलाने किंवा मुलीने रंगांच्या खर्चापायी हा छंद सोडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाय दोष बहुतेक वेळा बाटलीत नसतोच. तो रंगाच्या खाली असतो, किंवा रंग देण्याच्या घाईत असतो.

पापुद्रा अखंड का निघतो

अ‍ॅक्रिलिक रंगात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा सलग पडदा तयार होतो. रंगद्रव्य त्या पडद्यात अडकून राहतं. कागद, कापड, लाकूड, भाजलेली माती यांना छिद्रं असतात. ओला रंग त्यांत शिरतो आणि वाळल्यावर तिथेच रुततो. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते गुळगुळीत असतं, पाणी पीत नाही आणि पाण्याला आपल्यावर नीट पसरूही देत नाही. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल वर्गातले द्रावक असतात, एनॅमलमध्ये टर्पेंटाइनच्या जातीचे. असे रंग प्लॅस्टिकवर सहज पसरतात आणि धरून बसतात. पाण्यातला रंग मात्र नुसता वर बसून राहतो.

आता पापुद्र्याकडे नीट बघा. तो रबरासारखा ताणला जातो, तुटत नाही. म्हणजे रंगाचा पडदा चांगला मजबूत झालेला आहे. कमी पडली ती पडद्याची प्लॅस्टिकवरची पकड. रंग खरोखर वाईट असता तर तो भुगा होऊन निघाला असता. हे एकदा लक्षात आलं की महाग रंग आणण्याऐवजी पकड कशी वाढवायची याकडे वळता येतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या: बाटलीत अ‍ॅक्रिलिकच आहे ना? शाळेच्या सामानातला पोस्टर कलर बरेच जण अ‍ॅक्रिलिक समजून वापरतात. पूर्ण वाळलेल्या भागावर ओलं बोट चोळा. बोटाला रंग लागला तर तो पोस्टर कलर आहे, त्याचा बांधक (रंगद्रव्य धरून ठेवणारा पदार्थ) पाण्यात पुन्हा विरघळतो आणि मॉडेलवर तो कधीच टिकणार नाही. दुसरी गल्लत फॅब्रिक कलरची. कापड धुतलं, दुमडलं तरी तडा जाऊ नये म्हणून त्याचा पडदा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. प्लॅस्टिकवर तो वाळूनही किंचित चिकट राहतो, त्यावर धूळ आणि बोटांचे ठसे बसतात. लेबलवर फक्त ‘फॅब्रिक’ असेल तर ती बाटली मॉडेलसाठी नको.

टेपची चिकट बाजू काय सांगते

रंग निघाला की बहुतेकजण टेप चुरगाळून टाकतात. ती जपून ठेवा आणि उजेडात धरून तिची चिकट बाजू बघा. कोणता थर कुठून सुटला हे तिच्यावर स्पष्ट दिसतं.

टेपवर रंगाचा पापुद्रा आहे आणि मॉडेलवर चकचकीत, स्वच्छ प्लॅस्टिक उघडं पडलंय. पहिला थर प्लॅस्टिकला लागलाच नव्हता. प्रायमर, म्हणजे रंगाआधी पकडीसाठी द्यायचा थर, दिलेला नव्हता किंवा भाग धुतलेले नव्हते. दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

टेपवर रंग आणि त्याच्या पाठीला प्रायमरही आला. प्रायमर दिला होता, पण तोही धरला नाही. एक तर प्लॅस्टिकवर तेल होतं, किंवा स्प्रेचा डबा फार लांबून मारला आणि प्रायमर हवेतच वाळून पावडरसारखा बसला. अशा प्रायमरवरून बोट फिरवलं तर वॉटर पेपरसारखा खरखरीत लागतो.

प्रायमर जागच्या जागी आहे, फक्त वरचा रंग निघाला. रंग आतून ओला असताना टेप लावली, किंवा प्रायमर चकचकीत होता. भिंतीच्या किंवा गाडीच्या कामाचे काही डबे प्रायमरच्या नावाखाली बरेच गुळगुळीत थर देतात. त्यांच्यावर पाण्याचा रंग घट्ट बसत नाही.

टेपवर पापुद्रा नाही, नुसती रंगाची भुकटी आहे आणि मॉडेलवरचा रंग फिका झालाय. रंगात पाणी जास्त पडलं. पाण्यामुळे रंगद्रव्य आणि पॉलिमर दोन्ही पातळ होतात. कणांना भिडायला पुरेसे शेजारी मिळत नाहीत आणि पडदा अपुरा तयार होतो.

बाकी सगळं नीट, फक्त टेपच्या कडेला रंग दातेरी फाटला. इथे पकड चांगली आहे. थर जाड झाला आणि वरचा रंग टेपवरून मॉडेलवर सलग पसरून एकच पडदा झाला. टेप उचलताना त्या पडद्याला फाटण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पाया घालताना

भाग स्प्रूवरून, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावरून, कापण्याआधीच धुवा. साच्यातून किट सहज सुटावं म्हणून कारखान्यात जो तेलकट पदार्थ वापरतात त्याचा अंश प्लॅस्टिकवर राहू शकतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. उकळतं पाणी नको, पातळ पंख वाकतात. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या. जोडणी झाली की बोटांचं तेल पुन्हा लागलेलं असतंच, म्हणून प्रायमरच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस किंचित भिजवून सगळीकडे एकदा फिरवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट साफ करायला ते मिळतं, पॉलिस्टायरीनला त्याने काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणि एनसी थिनर मात्र जवळही आणू नका. अ‍ॅसिटोन आणि थिनरने प्लॅस्टिक विरघळतं.

मोठ्या सपाट भागांवर, म्हणजे पंख, रणगाड्याची किंवा जहाजाची बाजू यांवर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. चकाकी गेली की थांबायचं. पत्र्यांच्या जोडरेषा आणि रिव्हेट पुसले जाता कामा नयेत.

मग प्रायमर, आणि इथे काटकसर करू नका. गाड्यांच्या रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातला करडा, मॅट प्रायमरचा स्प्रे चालतो, पण त्यातले द्रावक तीव्र असतात. एकदम ओला हात दिला तर प्लॅस्टिकचा पृष्ठभाग सुरकुततो. आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा. साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, धुक्याचे दोन-तीन पातळ फवारे द्या. पहिल्या फवाऱ्यात प्लॅस्टिक पूर्ण झाकलं गेलं नाही तरी बिघडत नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून.

कॅनव्हासचा जेसो काहीजण प्रायमर म्हणून सुचवतात. त्यात खडूची पूड असते, पकड छान येते, पण थर जाड बसतो. डायोरामाचा (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्याचा) पाया, मोठे पुतळे, झाडं, दगड यांना जेसो जरूर द्या. १/७२ च्या विमानावर मी तो देणार नाही, आणि त्याचं कारण हिशोबाचं आहे. मिग-२१ च्या पंखांचा खरा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १० सेंटिमीटर. या मापात ०.१ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरहून जाड रंग. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेल्या त्या विमानाच्या जोडरेषा अशा रंगाखाली दिसल्याच नसत्या, आणि मॉडेलवरच्याही दिसत नाहीत.

पातळ करणं

बाटलीतला रंग मॉडेलसाठी जाड असतो. तो तसाच लावला की ब्रशचे ओरखडे उठतात, नुसतं पाणी घातलं की प्लॅस्टिकवर थेंब थेंब गोळा होतो. म्हणून पाण्याच्या जोडीला अ‍ॅक्रिलिक मीडियम घ्या. आर्ट मटेरियलच्या दुकानात ते मिळतं. रंगद्रव्य नसलेलं अ‍ॅक्रिलिकच असतं ते. त्याने रंग पातळ होतो, पण बांधक कमी पडत नाही. माझा अंदाज असा: रंगाचे चार थेंब, मीडियमचे दोन, मग पाणी थेंबाथेंबाने, पॅलेटच्या कडेवरून रंग साय काढलेल्या दुधाइतका ओघळेपर्यंत. पाणी रंगाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. घरी बोअरचं जड पाणी येत असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, वाळल्यावर पांढुरके डाग राहत नाहीत.

एवढं करूनही रंग थेंबांत फुटत असेल तर टूथपिकच्या टोकावर भांड्यांचं लिक्विड घेऊन पॅलेटवरच्या रंगात बुडवा, बस्स. जास्त झालं तर फेस येतो आणि पकडही जाते. अल्कोहोलने पातळ करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तामियाच्या रंगांना तो बरोबर आहे, स्टेशनरीतल्या काही रंगांची मात्र त्याने दह्यासारखी गुठळी होते. एका थेंबावर आधी तपासा.

पहिला हात लावल्यावर मॉडेल डागाळलेलं आणि केविलवाणं दिसेल. दिसू द्या. ज्या ठिकाणी ब्रश एकदा फिरला तिथे रंग ओलसर-सुका असताना पुन्हा फिरवला तर अर्धवट तयार झालेला पडदा फाटतो आणि कडा उठतात. अर्धा तास थांबा, दुसरा हात पहिल्याला आडवा द्या. करड्या-हिरव्याला तीन हात पुरतात, पिवळ्या-लाल-पांढऱ्याला पाच-सहाही लागतात, कारण स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. वायुदलाच्या चक्राचा केशरी थेट गडद हिरव्यावर कधीच उठणार नाही. आधी खाली पांढरा गोल द्या.

वाळणं, आणि टेप

हाताला कोरडं लागणं आणि पूर्ण वाळणं यांत मोठा फरक आहे. वरून वीस मिनिटांत कोरडं लागतं, पण आतलं पाणी बाहेर पडायला आणि पडदा घट्ट व्हायला कितीतरी जास्त वेळ जातो. शेवटच्या हातानंतर टेप लावायच्या आधी उन्हाळ्यात किमान २४ तास द्या. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओलीचिंब असते, तेव्हा दोन-तीन दिवस थांबा. मॉडेल पंख्याखाली ठेवलं तरी चालतं. कडक उन्हात किंवा बंद गाडीत नको, आणि हेअर ड्रायर फिरवायचाच तर थंड हवेवर. घाई नको म्हणणं सोपं असतं, हे मलाही कळतं. त्या दोन दिवसांत चाकं, क्षेपणास्त्रं, वैमानिक रंगवून होतात.

रंगाची पकड बसली का हे ठरवायला एक चाचणी आहे, आणि रंगांच्या उद्योगातही पकड तपासायला हीच वापरतात. त्याच प्रायमर-रंगाचे हात दिलेला प्लॅस्टिकचा फालतू तुकडा जवळ ठेवा. त्यावर ब्लेडने बारीक चौकटी आखा, टेप दाबून लावा आणि उचला. चौकटी जागेवर राहिल्या तरच मॉडेलवर टेप लावा. प्रत्येक नव्या बाटलीसाठी हे करा, एकाच कंपनीच्या दोन छटाही वेगळ्या वागतात.

टेप पिवळ्या कागदी पट्टीची, कमी चिकट हवी. सेलोटेप आणि पॅकिंगची ब्राऊन टेप मॉडेलवर लावू नका. हार्डवेअरमधली साधी मास्किंग टेप असेल तर ती आधी स्वच्छ काचेवर तीन-चार वेळा लावून काढा, चिकटपणा उतरतो. हाताच्या पाठीवर लावायची सवय अनेकांना असते, पण त्याने त्वचेचं तेल टेपवर येतं. दुकानी टेपची कड खडबडीत असते. काचेवर चिकटवून स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडने कड कापून घ्या.

टेप लावल्यावर तिच्या कडेवरून खालच्याच रंगाचा, म्हणजे करड्याचा, एक पातळ हात फिरवा. टेपखाली जो रंग झिरपायचा तो करड्यावर करडा झिरपेल आणि फट बुजेल. मग हिरवा. हिरवा मारताना ब्रश टेपकडून मॉडेलकडे ओढा, उलट नाही, म्हणजे कडेला रंगाचा बांध साचत नाही. हिरव्याचा शेवटचा हात हाताला कोरडा लागला की टेप लगेच काढा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. आधी कडेवरून ब्लेडचं टोक हलकंसं फिरवून वरचा पडदा कापा. मग टेप सरळ वर न उपटता स्वतःवरच पूर्ण मागे दुमडा आणि पृष्ठभागाला लागून सावकाश ओढा. कॅमोफ्लाजच्या नागमोडी कडांना तर टेपची गरजच नाही. १९७१ च्या युद्धकाळात आपल्या चकचकीत मिग-२१ एफएल विमानांवर घाईने हिरवट रंग चढवले गेले होते. तसं विमान करत असाल तर मोकळ्या हाताने ब्रशने रंगवलेलंच खरं दिसतं.

निघालेली जागा कशी भरायची

खळग्यात रंग भरू नका. कडेची पायरी वरून कितीही रंग दिला तरी दिसत राहते. वॉटर पेपरने कड उतरवावी असं वाटतं, पण हा पडदा मऊ असतो, घासला की त्याच्या रबरी गोळ्या निघतात आणि आजूबाजूचा रंगही उचलला जातो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त कडेवरून गोल फिरवा. रंग मऊ होऊन कड उतरते. मोठा तुकडा गेला असेल तर मॉडेलवरच्या जोडरेषेचा आधार घ्या. निघालेल्या जागेभोवतीच्या जोडरेषेतून ब्लेड फिरवून तेवढा पत्रा पूर्ण सोला, अल्कोहोलने पुसा, प्रायमर ब्रशने द्या आणि पुन्हा रंगवा. राहिलेला सूक्ष्म फरक जोडरेषेत लपतो, आणि खऱ्या विमानांचेही बदललेले पत्रे असेच किंचित वेगळे दिसतात.

छटा जुळवताना ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका. अ‍ॅक्रिलिकचा बांधक ओला असताना दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळून गडद होतो. मिसळलेल्या छटेची थोडी भर छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत राखून ठेवली तर ही जुळवाजुळव टळते.

पूर्ण मॉडेलच बिघडलं असेल तर अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून टूथब्रशने घासा, आगीपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून. पारदर्शक कॉकपिट आधी काढून ठेवा.

उरलेल्या तक्रारी

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन) अडकतो: या रंगांची दळण भरड असते, ०.२ मिलिमीटरच्या नोझलमधून ते जाणारच नाहीत. ०.४ किंवा ०.५ चं नोझल घ्या आणि रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. ब्रशवर हात बसल्याशिवाय या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. चंदेरी रंग चमचमतो: त्यातले चमकीचे कण १/७२ ला फार मोठे पडतात. धातूच्या रंगासाठी एक चांगली बाटली विकत घ्या, इथे स्वस्तात भागत नाही. डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ पट्टीखाली) पांढरी चकाकी दिसते: मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते, आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या.

रणगाड्याच्या मऊ व्हिनाइल पट्ट्यांवर मात्र हा रंग एनॅमलपेक्षा सरस ठरतो. पट्टी वळवली तरी त्याला तडा जात नाही, आणि काही व्हिनाइलवर एनॅमल कायम चिकट राहतं, तसं इथे होत नाही.

सगळं झाल्यावर मॅट वार्निशचा पातळ हात हवाच, नाहीतर नुसत्या हाताळण्याने कडांचा रंग उडतो. स्प्रेचं वार्निश पावसाळी हवेत मारलं तर हवेतली बाष्पं त्यात अडकून मॉडेलवर पांढरट झाकोळ येतो. तो आला तरी घाबरू नका. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी त्यावरच ग्लॉस वार्निशचा ओलसर फवारा द्या, झाकोळ बहुधा विरघळून जातो, आणि तो हात वाळल्यावर पुन्हा मॅट मारा. पावसाची झड लागलेली असेल तर स्प्रे बाजूला ठेवा आणि पाण्याचं मॅट वार्निश रुंद मऊ ब्रशने, पंख्याखाली, दोन पातळ हातांत लावा.